दर वेळी वेगळ्याच जागी अडकणारा लॅपटॉप

पहिल्यांदा तो अकरा मिनिटांनी थांबला. पडद्यावरची निळी पट्टी जेमतेम तिसरा हिस्सा भरली होती, खाली 'फाइल्स कॉपी होत आहेत' असं येत होतं, आणि बाण जिथे होता तिथेच चिकटून बसला. मी माउस हलवला, कळा दाबल्या, कॅप्स लॉकचा बारीक दिवा लागतो का तेही पाहिलं. तो लागला तर समजायचं की मशीन आतून अजून ऐकतंय. दिवा लागला नाही. शेवटी बटण दाबून धरलं आणि लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्यांदा तो सहा मिनिटांतच थांबला. शहाण्या माणसाने इथे हात टेकले असते. माझं मात्र इथूनच डोकं चालायला लागलं. बिघाड एकाच जागी असता तर गाडी रोज त्याच खड्ड्यात अडकायला हवी होती. ही दर वेळी वेगळ्या ठिकाणी का अडकते, हे कळल्याशिवाय मला आता चैन पडणार नव्हतं.

मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. राहायला डहाणूत, आईबरोबर, आणि शाळा बोर्डीच्या बाजूला. परीक्षानळ्या धुणं, द्रावणं करणं, सर लोक विसरले की त्यांना प्रयोगाची पुढची पायरी हळूच सांगणं, ही माझी वीस वर्षांची नोकरी. रागीट म्हणून शाळेत माझं नाव आहे आणि ते मी स्वतः कमावलेलं आहे. पण वस्तू उघडून बघायची खोड त्याहून जुनी आहे. लहानपणी वडिलांचा रेडिओ उघडला होता, तो परत जोडला तेव्हा दोन स्क्रू उरले आणि रेडिओ मात्र चालू झाला. ते दोन स्क्रू कशाला होते हे मला अजून कळलेलं नाही.

लॅपटॉप आता माझा नव्हता. चार वर्षांपूर्वी मी नवा घेतला तेव्हा हा जुना शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईला दिला होता. ती मुलांची खिचडी शिजवायची. तलासरीच्या पुढे, अच्छाडच्या चेकपोस्टच्या अलीकडे, तिचा पाडा. बारावी झालेली, वयाने माझ्याहून थोडीच लहान, पण मला ताई म्हणायची. सुट्टीच्या वेळी ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून बाटल्यांवरची नावं वाचायची. म्हणून मी तिला म्हटलं होतं, "शिकायचं असेल तर घे हा, नाहीतर भंगारात देते." तिने साडीला हात पुसले आणि घेतला. नंतर मी तो विषय विसरून गेले.

यंदा दिवाळीनंतर स्वयंपाकाचं काम दुसऱ्या गटाकडे गेलं आणि तिचं काम सुटलं. तिच्या पाड्यातली माणसं भातकापणी आटोपली की वीटभट्ट्यांवर निघतात. काम मिळाल्यापासून ती गेली नव्हती, पण या वर्षी तिच्याही घरी बोचकी बांधायला सुरुवात झाली होती. एकदा ती गेली की सातवीतली मुलगीही शाळा सोडून मागोमाग जाणार, आणि भट्टीवर गेलेली सातवीतली मुलगी आठवीत परत येत नाही, हे मी बरेचदा पाहिलेलं आहे. तेवढ्यात तलासरीच्या एका मुलींच्या वसतिगृहात लिहिण्याच्या कामाला बाई हवी असल्याचं कळलं. अट एकच होती, संगणकावर मराठी टाइप करता आलं पाहिजे. परीक्षा पुढच्या सोमवारी. आणि त्याच्या आठ दिवस आधी, रविवारी सकाळी ती लॅपटॉप कापडी पिशवीत घालून आमच्या दारात उभी.

"चालू होतो, ताई," ती म्हणाली. "पन लई टायमाने. आन् मधीच झोपतो. तुम्ही बघाल काय?"

लॅपटॉप जुना, त्यातली विंडोज त्याहून जुनी. मी म्हटलं, ही काढून टाकू आणि हलकी, फुकट मिळणारी सिस्टिम घालू. लिनक्सची. अर्ध्या तासाचं काम आहे. हे मी मोठ्या तोऱ्यात बोलले, कारण शाळेतल्या दोन मशीनवर मी ते केलं होतं. दुपारपर्यंत तो चार वेळा अडकला. जुनी सिस्टिम पहिल्याच फेरीत पुसली गेली होती, म्हणजे आता मागे जायचीही सोय नव्हती. दोनच्या गाडीने तिला परत जायचं होतं, पिशवीची घडी घालत म्हणाली, "तुमच्याजवळ ऱ्हाऊ दे. मी बुधवारी येते." दारापर्यंत गेली आणि वळून तिने लॅपटॉपकडे एकदा बघितलं. ती बघत होती तेव्हा मला स्वतःचाच राग आला.

मग मी प्रयोगशाळेतली जुनी वही काढली आणि रीतसर सुरुवात केली. आधी पेन ड्राइव्ह बदलला. मग उतरवलेली फाइल नीट उतरली आहे ना, ते आकड्यांची लांबलचक ओळ जुळवून तपासलं. ती जुळली. मग सुरुवातीलाच एक जास्तीचा शब्द टाइप करून पडद्याच्या चिपला साधेपणाने वागायला सांगितलं, कारण जुनी मशीनं तिथे अडतात असं कुठेतरी वाचलं होतं. मग मागचं छोटं झाकण काढून मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, मग ती घालून दुसरी काढली. प्रत्येक वेळी वहीत काय बदललं ते लिहायचं आणि समोर किती मिनिटांनी थांबला ते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी वीस वर्षं मुलांना ओरडून सांगत आलेय. आता ते स्वतःला सांगायची पाळी होती.

मंगळवार संध्याकाळपर्यंत वहीत चौदा नोंदी झाल्या. अकरा, सहा, पाच, सात, सव्वीस, आठ, पाच. कशाचा कशाला पत्ता नाही. सव्वीस मिनिटांची नोंद आली तेव्हा मला वाटलं मेमरीची पट्टीच खराब होती, जीव भांड्यात पडला. पण तीच पट्टी बाहेर ठेवून लगेच पुन्हा सुरू केला तर आठ मिनिटांत ठप्प. डहाणू रोडला स्टेशनजवळ दुरुस्तीचं दुकान आहे, त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, टाकून द्या ना. याचे पार्ट पण आता येत नाय." मला असं कोणी सांगितलं की ते माझ्या फार डोक्यात जातं. बिघडलंय कुठे हे न बघताच टाकून द्या म्हणणारा माणूस माझ्या लेखी मेकॅनिकच नाही.

घरी आले तर लॅपटॉप ओट्यावर नव्हता. आईने तो बाजूला सारून बोंबील साफ करायला घेतले होते. माझी आई चाळीस वर्षं मासळी विकत होती. संगणक म्हणजे काय याच्याशी तिला काही देणंघेणं नाही, पण सरकवताना तिचा हात त्याच्या खाली गेला होता.

"गो बाय, याला ताप हाय," ती म्हणाली. आम्हाला लहानपणी ताप आला की ती जशी उलटा तळहात लावायची, तसा तिने लॅपटॉपच्या पोटाला लावला. "किती वेल झाला बंद करून?"

"तास झाला असेल. दुकानात जाताना अडकला, तेव्हाच बंद केला."

"तासाने पन एवढा? मग दमून बसतो तो. तू त्याला इसावा देत नाय."

मी वही उघडली. मिनिटांपुढे मी वेळाही लिहिल्या होत्या, सवयीने लिहिल्या होत्या, बघितल्या मात्र नव्हत्या. सव्वीस मिनिटांची नोंद सकाळी सहाची होती, लॅपटॉप रात्रभर बंद होता आणि नोव्हेंबरच्या पहाटेचा गारवा होता. अकरा मिनिटांची नोंद रविवारी सकाळची, पहिली. पाच आणि सहा मिनिटांच्या सगळ्या नोंदी लागोपाठच्या किंवा भर दुपारच्या. मी पट्ट्या, फाइल, पेन ड्राइव्ह यांचं काय काय केलं त्याने काडीचा फरक पडला नव्हता. विश्रांती जितकी जास्त, तितका तो लांब जात होता. उत्तर तीन दिवस माझ्याच अक्षरात माझ्यासमोर पडलेलं होतं आणि ते बोंबील साफ करता करता आईने सांगितलं. मी मोठ्याने हसले. आई म्हणाली, "हसतेस काय? त्याला वारा घाल."

आणि मग मला दुसरं आठवलं. रविवारी ती बाई लॅपटॉप घेऊन आली तेव्हा मी तिच्याजवळ कौतुक केलं होतं, "बघ, किती शांत मशीन आहे, अजिबात आवाज नाही." आवाज नव्हता कारण पंखा फिरतच नव्हता. हे मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं आहे.

बुधवारी ती आली तेव्हा मी मुद्दाम थांबले होते. म्हटलं, तिच्यासमोरच उघडू. शाळेतून बारीक स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश आणि थोडं स्पिरिट आणलं होतं. खालचे अकरा स्क्रू काढून आईच्या रिकाम्या डबीत ठेवले. झाकण उचललं आणि आम्ही दोघी आत वाकलो.

पंख्याच्या जागी काळा गोळा होता. धूळ मला ओळखीची आहे, ती करडी असते आणि फुंकरीने उडते. हे काळं, चिकट, बोटाला तेलकट लागणारं होतं. त्यात भाताच्या तुसाचे पिवळे कण आणि पेंढ्याच्या काड्या रुतलेल्या होत्या. पंख्याची पाती त्यात जागच्या जागी थिजली होती. मी बोट नाकाशी नेलं. धूर.

माझा पारा चढला. "कुठे ठेवला होतास हा? चुलीत?"

"चुलीवर," ती म्हणाली.

तिला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. मला समजावत असल्यासारखी ती सांगू लागली. त्यांच्या घरात चुलीच्या वर बांबूचा माळा आहे. जे पावसाळ्यातून वाचवायचं असतं ते सगळं तिथे जातं. मिरच्या, सुकी मासळी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या वर्षीचं बियाणं. निवडलेलं भात पेंढ्यात गुंडाळून, वरून दोरीने घट्ट आवळून त्याचा मोठा गोल मुडा करतात आणि तो माळ्यावर ठेवतात. खालून रोज धूर लागतो, म्हणून त्याला कीड धरत नाही, ओल लागत नाही.

"मी याचा पन मुडाच बांधला," ती म्हणाली. "आमच्या घरात पावसाची भिंतीला पन बुरशी येते. दुसरं कुठं ठेवणार? चार पावसाळे ऱ्हायला तो वर."

"वापरला नाहीस?"

"कोन शिकवनार होतं, ताई? बोलले, टायम येईल तवा काढू. बियाणं काय कोन मधीच काढून खातं?"

मी बोलायला तोंड उघडलं होतं. संगणकाला धूर चालत नाही, इतकी साधी गोष्ट बारावी झालेल्या बाईला कळत नाही का, असं काहीतरी तिखट बोलणार होते. पण माझी नजर उघड्या मशीनवर होती आणि काहीतरी खटकत होतं. मी टेबलावरचा दिवा ओढून जवळ घेतला. हिरवी पाटी हिरवीच होती. सोनेरी टोकं सोनेरी होती. एकाही जोडावर पांढरट किंवा निळसर बुरा नव्हता.

हे कळायला आमच्याकडे राहावं लागतं. आमच्या शाळेतून समुद्राचा आवाज येतो. गोदरेजच्या कपाटात कुलपाआड ठेवलेली पाच मशीनं आहेत, याच्याच वयाची, त्यांतली काही याच्याहून चांगली. कपाटात नॅप्थलीनच्या गोळ्या, सिलिकाच्या पुड्या, सगळं मी स्वतःच्या हाताने ठेवलेलं. त्यांतलं एकही आता चालू होत नाही. खाऱ्या हवेने आतले जोड खाल्ले, उघडलं की मोरचुदासारखा निळा-हिरवा बुरा दिसतो. आणि हा, पेंढ्यात बांधून धुरात टांगलेला, चार पावसाळ्यांनंतर पहिल्या दाबाला चालू झाला होता. त्याचा पंखा तेवढा काजळीने बसला होता. माझ्या कपाटापेक्षा तिच्या चुलीने काम चांगलं केलं होतं.

मी तिला ते दाखवलं. शाळेतल्या मशीनांचं सांगितलं. ती वाकून बघत म्हणाली, "मग जाळीला फडकं बांधायला पायजे होतं. काजली आत गेली नसती."

आम्ही दोघींनी तो साफ केला. तिने ब्रश माझ्या हातातून घेतला, कारण काजळी कशी काढायची हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. आधी कोरडी, मग स्पिरिट, घासायचं नाही, टिपायचं. पात्यांवरचा एकेक थर उतरत गेला. चिप आणि पंख्याच्या तांब्याच्या नळीमध्ये जो पांढरा लेप लागतो तो वाळून खडू झाला होता. ताजा लेप मी त्या 'टाकून द्या' म्हणणाऱ्या दुकानातूनच आणला, आणि कशाला हवाय हे त्याला सांगितलं नाही. सगळं बंद केलं. या वेळी एकही स्क्रू उरला नाही.

बटण दाबल्यावर पंखा खरखरला आणि मग सूं करून फिरू लागला. बाजूच्या जाळीतून गरम वारा आला, त्याला चुलीचा वास होता. आई आतून म्हणाली, "कोन जालतंय काय?" पट्टी सरकू लागली. अकरा मिनिटं झाली, पट्टी सरकत होती. सव्वीस झाली तेव्हा ती माझा दंड धरून बसली होती. चाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर चौकट आली, वापरणाऱ्याचं नाव लिहा.

ती पुढे सरसावली, एका बोटाने कळा शोधत शोधत तिने नाव लिहिलं. माझं.

"अगं, तुझं लिही. तुझा आहे हा."

ती संकोचली, पण मी खोडलं आणि तिने स्वतःचं लिहिलं. तेव्हा मला वाटलं, लाजली असेल. मी त्याचा जास्त विचार केला नाही.

मधे चार दिवस होते. सराव कशाचा करायचा, असं तिने विचारलं, म्हणून मी प्रयोगशाळेच्या बाटल्यांची यादी दिली. ती नावं तिला तोंडओळखीची होती आणि जोडाक्षरांनी खच्चून भरलेली. बॅटरी पार गेलेली असल्याने लॅपटॉप फक्त वायर लावून चालायचा, आणि पाड्यात दुपारी वीज जायची, तेव्हा ती कागदावर कळा काढून त्यावर बोटं चालवायची, असं तिनेच नंतर सांगितलं. सोमवारी मी शाळेत दोन चंचुपात्रं फोडली. चार वाजता फोन आला.

"जाले, ताई," ती म्हणाली. "एक तारखेपासून या बोलले." मागून मुलीचा आवाज येत होता, आई काय बोलली, काय बोलली. मला त्या मुलीचा आवाज ऐकूनच रडू आलं. तिचा नवरा भट्टीवर गेला. त्या दोघी राहिल्या.

महिन्याभराने, एका रविवारी, ती परत आमच्या दारात आली. पाठीवर पेंढ्याचा मुडा. पडवीत बसून तिने दोरी सोडली, पेंढा बाजूला केला, आत धुतलेलं कापड, आणि त्यात लॅपटॉप. पंख्याच्या जाळीवर जाड फडक्याची घडी शिवलेली, वर नाडी, म्हणजे हवी तेव्हा सोडता येईल.

"घ्या, तुमचा," ती म्हणाली.

मी चिडलेच. "मी तुला दिला होता ना तो? दिलेली वस्तू कोणी परत घेतं का?"

"बियाणं परत करतात, ताई. पीक आलं की. आमच्यात तसंच हाय. आन् वर ओंजलभर जास्तीचं." तिने पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आत माझ्या बाटल्यांची सगळी लेबलं होती. तलासरीत झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतलेली, एकेक कात्रीने सरळ कापलेली. सोडियम क्लोराइड. चुन्याची निवळी. मोरचूद. मीच हाताने लिहिलेली, वीस वर्षांत पुसट झालेली नावं, आता काळीभोर, एकही जोडाक्षर न चुकलेली. सगळ्यात खाली एक लेबल माझ्या यादीत नसलेलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'लॅपटॉप. चुलीवर ठेवावा, जाळी बांधून.'

मला फार लाज वाटली. तिने चार वर्षं ज्याला बियाणं मानलं, ते मी कसं दिलं होतं हे मला चांगलं आठवत होतं. मनात ठेवणं मला जमत नाही, म्हणून तिला सांगून टाकलं. "मी काही बियाणं म्हणून दिला नव्हता गं. अडगळ झाला होता. भंगारवाल्याने नेला नसता म्हणून तुला दिला."

"ठाऊक हाय मना," ती म्हणाली. "तुम्ही बोललात ना तवा, नायतर भंगारात देते. म्हनून तर मी हात पन धड पुसले नाय, लगेच घेतला."

आई आतून चहा घेऊन आली आणि कप ठेवून परत गेली.

लॅपटॉप मी ठेवून घेतला. शाळेच्या स्वयंपाकघरात नव्या आलेल्या गटात एक दहावी झालेली बाई आहे, ती सुट्टीत दारात उभी राहून नवी लेबलं वाचते. लॅपटॉप हवा का, असं तिला विचारायचं आहे, आणि या वेळी भंगाराचं नाव काढायचं नाही. फक्त आमच्या घरी गॅस आहे. तिच्याकडेही चूल नसली, तर जूनच्या आधी तो मुड्यात बांधून तलासरीपुढच्या त्या माळ्यावर परत पोचवावा लागेल.